कलम कोणतं? – गुरुवारच्या वकील-सल्ल्याला माझे दहापैकी साडेसात

पत्ता देणार नाही, हे आधीच सांगून टाकते. जागा वडोदऱ्याच्या जुन्या शहरात आहे, मांडवीपासून रिक्षा न करता जाता येतं, एवढी खूण पुरे. याआधी त्यांना दोन जागा सोडाव्या लागल्या, दोन्ही वेळा शेजारपाजारच्यांनी घरमालकाला गाठलं म्हणून. तिसऱ्यांदा ते माझ्या लिहिण्यामुळे व्हायला नको. संस्थेचं नावही लिहीत नाही. ज्या बायकांना तिथे जायचंय त्यांना ते बहुधा ठाऊक असतंच. नसलं तर कसं पोचायचं ते शेवटी सांगते.

सेवा अशी: धंदा करणाऱ्या बायकांसाठी दर गुरुवारी अकरा ते दोन वकील बसते. पैसे घेत नाहीत. ‘धंदा’ हा शब्द मी त्यांच्याकडूनच घेतलाय. मी पहिल्या दिवशी फार जपून ‘तसलं काम’ म्हणाले, तर रांगेतली एक बाई हसली आणि म्हणाली, ‘तसलं म्हणजे कसलं, काकी? धंदाच की.’

मी त्यांच्यातली नाही. मी घरमालकीण. वय ६८, दांडिया बाजारात सासऱ्यांच्या वाड्याचा वाटण्या होऊन उरलेला तुकडा माझ्याकडे आहे. वर मी राहते, खालची खोली भाड्यानं देते. एकतीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं. ती शाळा कधीच बंद झाली, पण गुण देण्याची सवय काही जात नाही. म्हणून तारे वगैरे नाहीत, दहापैकी गुण.

खालच्या खोलीत पाच वर्षं एक बाई राहते. नंदुरबारकडची, चाळिशीची, बोलते अहिराणी वळणाचं मराठी. मला सांगितलं होतं की रात्री आजारी माणसांजवळ बसायला जाते. मीही फार खोलात शिरले नाही. भाडं पाच तारखेला हातात, अंगण झाडलेलं, माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी तीन आठवडे सकाळचा चहा वर आणून द्यायची. असं भाडेकरू मिळतं कुठे?

एप्रिलमध्ये एक जमादार आला. कुठल्या चौकीचा ते लिहीत नाही. खुर्चीवर बसला, पाणी मागितलं, भिंतीवरच्या दत्ताच्या तसबिरीला हात जोडले आणि म्हणाला, ‘बेन, तुमच्या घरात धंदा चालतो, ठाऊक आहे ना? घर सील होईल. पेपरात नाव येईल.’ दहा हजारांपासून सुरुवात केली. मी तीन दिले. घरात तेवढेच होते. कसलं कलम, कुठला कागद, काही विचारलं नाही. घाबरलेल्या माणसाला प्रश्न सुचत नाहीत, मुलांच्या परीक्षा घेताना हे मी हजारदा बघितलंय.

तो गेल्यावर खाली गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. ती भाकरी थापत होती. थांबली नाही. भाकरी तव्यावर टाकली, हात धुतले आणि म्हणाली, ‘काकू, पाच वर्षांत मी या खोलीत कधी माणूस आणला?’ नव्हता आणला. तिचा भाऊसुद्धा ओट्यावर बसून परत जायचा. काम बाहेर, लॉजवर. घर ते घर.

यावर मी काय केलं? घर सोड म्हणाले नाही. मेपासून भाडं दीड हजारानं वाढवलं. सहाचे साडेसात. मनाशी म्हटलं, जोखीम आहे बाई, कधी जमादार परत आला तर पैसे कुठून आणू? तिनं एक शब्द न काढता साडेसात दिले. हे इथे लिहायला मला बरं वाटत नाहीये, पण पुढे त्याचा संबंध येतो.

श्रावणात जमादार पुन्हा दारात. मी देवळात गेले होते, म्हणून शेजाऱ्याकडे निरोप ठेवून गेला, ‘काकीला सांगा, पाच तयार ठेवा.’ त्या रात्री ती वर आली. म्हणाली, ‘गुरुवारी माझ्याबरोबर चला. आमची वकील असते.’ आमची वकील! मला तोवर वाटायचं वकील फक्त वाटणीच्या दाव्यात असतात आणि वाडा खाऊन टाकतात.

जागा. झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्या. जिना लाकडी, अरुंद, कठडा एकाच बाजूला, तोही डावीकडे, आणि माझा उजवा गुडघा नवा. वर पंखा असा आवाज करतो की वाटतं आता खाली येतो. संडास नाही, खाली दुकानदाराची किल्ली मागावी लागते आणि तो ती देताना तोंड बघतो. इथेच अर्धा गुण गेला. पाण्याचं मडकं मात्र स्वच्छ, वर धुतलेलं फडकं, ओघराळं. 

मला सगळ्यात आवडलं ते टोकन. रांगेत नावानं हाक मारत नाहीत. आत शिरताना बसलेली कार्यकर्ती पत्त्यांच्या जोडातलं एक पान हातात देते. मला किलवरची सत्ती आली. ‘बदामाची राणी, या!’ अशी हाक आली की सगळ्या हसतात आणि जिचं पान आहे ती उठते. एक बाई तर इस्पिकचा एक्का आला की काम होतंच असं धरून बसली होती. आधी मला पोरखेळ वाटला. मग लक्षात आलं, त्या खोलीत बसलेल्या अकराजणींपैकी निम्म्या घरी एका नावानं आणि बाहेर दुसऱ्या नावानं राहतात. कुठलं नाव मोठ्यानं घ्यायचं? पान बरं. 

थांबावं लागलं एक तास चाळीस मिनिटं. वकीलबेनची दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात तारीख होती, ती लांबली. हे दर दुसऱ्या गुरुवारी होतं म्हणे. मग अकराची वेळ लिहिता कशाला, साडेबारा लिहा. अर्धा गुण.

पण त्या पावणेदोन तासांत मी जे ऐकलं त्याची किंमत कशी लावू? ऐकायला नको होतं हेही खरं. वकिलाचं टेबल आणि रांग यांच्यामध्ये दोरीवर एक जुनी साडी टाकलेली, एवढाच आडोसा. पलीकडचा शब्दन् शब्द इकडे येतो. पत्त्यांच्या पानांची एवढी काळजी घेणाऱ्यांना हे कसं सुचलं नाही? यासाठी पुरा एक गुण कापलाय, आणि पंख्याचा आवाज त्यासाठीच ठेवला असेल तर अर्धा परत देते.

मला वाटलं होतं, सगळ्या पोलिसांच्या तक्रारी असतील. होत्या दोनच. बाकी? एकीच्या भावानं बापाच्या शेतातला हिस्सा नाकारला, ‘तू असली, तुला कसली जमीन’ म्हणून. वकीलबेन म्हणाली, २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच, आणि मुलगी पोटासाठी काय करते हे त्या कायद्यात कुठेही विचारलेलं नाही. दुसरीला नवऱ्यानं टाकलेली, पोटगीचा अर्ज. तिसरीचे बचत गटाचे पैसे अध्यक्षबाईनं खाल्ले. चौथीचं आधार. हिचा जन्मदाखला नाही, सासरच्या घराचा पत्ता चालत नाही, घरमालक भाडेकरार देत नाही. तिला वकीलबेननं सांगितलं की सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं अशा बायकांना पत्त्याच्या पुराव्याशिवायही आधार मिळतं. राज्याच्या एड्स नियंत्रण सोसायटीच्या प्रकल्प संचालकांचं किंवा नॅकोच्या (म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) राजपत्रित अधिकाऱ्याचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, आणि कार्डावर धंद्याची कसलीही खूण येता कामा नये. पुढचा अर्ज कार्यकर्तीनं तिथल्या तिथे भरायला घेतला.

‘घरमालक भाडेकरार देत नाही’ हे ऐकताना मी पदराशी चाळा करत होते. मीही दिलेला नव्हता. पावतीसुद्धा नाही.

पोलिसांच्या दोनमधली एक तरुण पोरगी होती. लॉजवरून उचललं, पर्समध्ये निरोधची पाकिटं सापडली, तेच पुरावा म्हणून दाखवत होते. वकीलबेनचा आवाज पहिल्यांदा चढला. १९ मे २०२२, तिनं तारीखच सांगितली. सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की बायका आपल्या आरोग्यासाठी जी साधनं वापरतात, निरोध वगैरे, तो गुन्हा नाही आणि गुन्ह्याचा पुरावाही नाही. नंतर मी तिला विचारलं तेव्हा तिनं त्या खटल्याची कुळकथा सांगितली. १९९९ साली कलकत्त्यात एका धंदा करणाऱ्या बाईला एका माणसानं मारून मारून जिवे मारलं. त्याला जन्मठेप झाली, तो अपिलात सुप्रीम कोर्टात गेला. २०११ साली कोर्टानं शिक्षा तर कायम केलीच, पण तिथे न थांबता विचारलं की अशा बायकांना माणसासारखं जगता यावं म्हणून सरकार काय करतंय. त्यावर समिती बसली, आणि अकरा वर्षांनी तो २०२२ चा आदेश. एक बाई मेली तेव्हा कुठे बाकीच्यांच्या पर्समधली पाकिटं निर्धोक झाली. आणि ती पाकिटं वाटतं कोण? सरकारच. एका खात्यानं वाटायची, दुसऱ्यानं जप्त करायची.

आता माझी पाळी. ‘किलवरची सत्ती!’ आम्ही दोघी आत गेलो. वकीलबेन तिशीची असेल, सुती ड्रेस, गळ्यातला पांढरा बँड काढून डब्याच्या पिशवीत कोंबलेला. मी खुर्ची ओढली आणि सवयीनं बोलायला सुरुवात केली, माझं घर, माझी अब्रू, माझे तीन हजार. तिनं दोन मिनिटं ऐकलं. मग हात वर करून मला थांबवलं आणि माझ्या भाडेकरणीकडे वळून विचारलं, ‘बेन, तुम्हाला काय हवंय?’

माझ्यासमोर इतक्या वर्षांत तिला हे कुणी विचारलेलं मी पाहिलं नव्हतं. मीही नव्हतं विचारलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘खोली हवीय. बारावी होईपर्यंत पोराला कळायला नको.’

मग वकीलबेन माझ्याकडे वळली. ‘काकी, हूं एमनी वकील छूं. तमारी नथी. तुमचं आणि यांचं उद्या वाजलं तर मी यांच्या बाजूनं उभी राहीन. हे चालत असेल तर बसा.’ मला राग आला. लांबून आलेली, नवीन गुडघ्याची म्हातारी, आणि ही मला बसा की जा विचारते? पण आता वाटतं, याच वाक्याला मी सर्वांत जास्त गुण दिलेत. माझ्या दिरांच्या वाटणीच्या दाव्यात आमच्याच वकिलानं पलीकडच्या पार्टीबरोबर चहा घेतला होता. हिनं आधीच सांगून टाकलं, चहा कुणाबरोबर घेणार ते.

मी बसले. तिनं कोरा कागद घेतला आणि माझ्या घराचा चौकोन काढला.

कायदा १९५६ चा, अनैतिक व्यापार प्रतिबंधाचा. त्यात प्रौढ बाईनं एकटीनं, खाजगीत, स्वतःच्या मर्जीनं धंदा करणं हाच गुन्हा असं कुठलंही कलम नाही. गुन्हा आहे कुंटणखाना चालवणं, दलाली, कुणाला फसवून किंवा डांबून धंद्याला लावणं, रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणं. कुंटणखाना म्हणजे काय, तर जिथे दुसऱ्या कुणाच्या फायद्यासाठी किंवा दोन आणि जास्त बायकांच्या सामायिक फायद्यासाठी हे चालतं ती जागा. ‘तुमच्या खोलीत यातलं काय चालतं?’ मी म्हटलं, भाकऱ्या. तीही हसली, आमची बाईही हसली.

मग तिनं चौकोनाभोवती मोठं वर्तुळ काढलं. २०० मीटर. देऊळ, शाळा, इस्पितळ अशा सार्वजनिक जागेपासून २०० मीटरच्या आत धंदा केला तर सातव्या कलमाखाली शिक्षा आहे, तीन महिन्यांपर्यंत, आणि ती बाईलाच नाही, बरोबरच्या पुरुषालाही. पुरुषाचं ऐकून मी चकित झाले, कारण जमादारानं पुरुषाचं नावही काढलं नव्हतं. तिनं मला पेन दिलं, ‘काकी, तुमच्याभोवतीची देवळं काढा.’ मी काढत गेले. दत्त, मारुती, गणपती, पलीकडे माताजी, बालवाडी, दातांचा नव्हे तर तो दुसरा दवाखाना. कागदावर जागा उरली नाही. जुन्या वडोदऱ्यात देवळापासून २०० मीटर लांब अशी जागा शोधायची तर सूरसागर तलावाच्या पाण्यातच उतरावं लागेल, आणि तिथेही मधोमध महादेव उभे आहेत. ‘म्हणून,’ वकीलबेन म्हणाली, ‘यांनी खोलीत माणूस आणला नाही हे तुमच्या दोघींच्या कामाचं आहे. तसंच राहू द्या.’

झडतीचं तिनं असं सांगितलं की मी आजही झोपेत म्हणून दाखवीन. या कायद्याखाली वॉरंटशिवाय झडती घ्यायची तर विशेष पोलीस अधिकारी लागतो, तो इन्स्पेक्टरच्या खालचा नसतो. बरोबर किमान दोन महिला पोलीस. शिवाय मोहल्ल्यातले दोन प्रतिष्ठित रहिवासी साक्षीला, त्यात किमान एक बाई. ‘प्रतिष्ठित रहिवासी बाई म्हणजे मीच की!’ मी म्हटलं. ‘तुम्हीच,’ ती म्हणाली. ‘म्हणून तर त्यानं तुम्हाला खुर्चीत गाठलं, साक्षीला बोलावलं नाही.’

आणि एकच प्रश्न तिनं आम्हा दोघींकडून तीनदा म्हणून घेतला: साहेब, कलम कोणतं? शाळेत मी पाढे असेच घोटून घ्यायचे.

माझ्या तीन हजारांचं मात्र गेलं ते गेलंच. लाचेच्या कायद्यात २०१८ पासून देणाराही गुन्हेगार धरतात. जबरदस्तीनं द्यावी लागली असेल तर सात दिवसांत पोलिसांना किंवा तपासयंत्रणेला कळवावं लागतं. माझे चार महिने उलटले होते. पुढच्या वेळी मागितले तर लगेच १०६४ वर, लाचलुचपत खात्याला. तिनं नंबर कागदाच्या कोपऱ्यात, मारुतीच्या देवळाशेजारी लिहिला.

मग तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘भाडं किती?’

‘सहा,’ मी म्हटलं.

आमची बाई काही बोलली नाही. वकीलबेननं पेन कागदावर टेकवून तसंच ठेवलं. पंखा खडखडत होता. मग आमची बाईच हळूच म्हणाली, ‘साडेसात. मेपासून.’

वकीलबेननं लिहिलं: एप्रिल, जमादार. मे, ७५००. खाली एक रेघ मारली. मला रागावली नाही, समजावलं नाही, तोंडसुद्धा वाकडं केलं नाही. फक्त म्हणाली, ‘बाजारभावापेक्षा जास्त भाडं, तेही रोख, विनापावती, हे उद्या कुणी तुमच्याविरुद्ध वाचू शकतं, काकी. दुसऱ्याच्या धंद्याच्या कमाईवर जगणं हे चौथ्या कलमात आहे. दर असेल तोच घ्या, पावती द्या, करार करा.’ वर्गात एखाद्या पोराची कॉपी पकडल्यावर मी कशी बोलत असे ते मला आठवलं. हिच्याकडून शिकण्यासारखं होतं.

त्याच चौथ्या कलमावर आमची बाई अडकली. तिनं विचारलं, ‘पोरगा पुढच्या साली अठराचा होईल. त्याची फी माझ्याच पैशातून जाते. मग तो?’ इथे वकीलबेनजवळ उत्तर नव्हतं, आणि तिनं असल्याचं सोंग केलं नाही. म्हणाली, कलम दलालांसाठी आहे असं सगळे मानतात, पण त्यात लिहिलंय ते ‘अठरा वर्षांवरची कोणतीही व्यक्ती’. मुलगा, म्हातारी आई, कुणालाही त्यात ओढता येतं, आणि कायदा अजून बदललेला नाही. तसं झालं तर मी उभी राहीन, एवढंच ती म्हणाली. परतीच्या वाटेवर खंडेराव मार्केटपर्यंत आम्ही दोघी एक अक्षर बोललो नाही. तिथे तिनं पावशेर मेथी घेतली.

नंतर. नवरात्राच्या आधी जमादार आलाच. मी वरून आवाज ऐकला आणि खाली उतरले. एरवी कठडा धरून उतरते, त्या दिवशी धरला नाही, आणि पाय मुरगळला तो आठवडाभर. ती दारात उभी होती. तिनं विचारलं, ‘साहेब, कलम कोणतं?’ आवाज बारीक, पण फाटला नाही. माझा फाटला. मी विचारलं, इन्स्पेक्टरसाहेब आलेत का, बाई पोलीस कुठे आहेत, मी इथली रहिवासी, साक्षीला उभी राहते. ‘प्रतिष्ठित’ म्हणायचं राहून गेलं. तो म्हणाला, कोण शिकवतं तुम्हाला हे? मग पाणी न मागता गेला. तोवर तिनं केंद्रावर फोन लावला होता, तिथली पॅरालीगल, म्हणजे कायद्याच्या कामात मदत करणारी, कार्यकर्ती स्कूटीवरून पंचवीस मिनिटांत हजर झाली. तो गेलेलाच होता, म्हणून आमच्याकडे चहा पिऊन गेली. संक्रांत उलटली, तो पुन्हा आलेला नाही.

फुकटात काही होत नाही. त्यानं जाता जाता आमच्या पोळेत, म्हणजे गल्लीत, काय सांगितलं कोण जाणे, पण समोरच्यांनी दिवाळीचा फराळ पाठवला नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मीही नाही पाठवला.

राहिलेले गुण: भिंतीवर माहितीपत्रकं होती, गुजराती, हिंदी, आणि कोपऱ्यात एक मराठी. त्यात ‘मुलभूत हक्क’, ‘नागरीक’, ‘पोलिस ठाने’. लाल पेन पर्समध्ये असतंच, तिथल्या तिथे सतरा चुका काढल्या. अर्धा गुण शुद्धलेखनाचा. अर्ज तर मराठीत नाहीतच, आणि त्या दिवशी अकरापैकी पाचजणी खानदेशातल्या होत्या. आता मराठी पत्रक माझ्याकडे तपासायला येतं. सांगलीला १९९६ पासून वेश्या अन्याय मुक्ती परिषद आहे, तिथल्या बायका स्वतःच सगळं चालवतात, हे मला त्या कार्यकर्तीनं सांगितलं. गुजरातेत बसलेल्या मराठी बायकांना निदान अर्ज तरी आपल्या भाषेत मिळावा.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: आरोग्य तपासणीला बोलावणाऱ्या कार्यकर्त्या असतात, त्यांना विचारा, त्या पोचवतात. नाहीतर १५१०० ला फोन करा, विधी सेवेचा देशभराचा नंबर आहे. १९८७ च्या कायद्याच्या बाराव्या कलमात बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. धंद्याचा त्यात प्रश्नच नाही. म्हणजे मलाही मिळतो. वकीलबेननंच सांगितलं, ‘मी तुमची वकील नाही, पण दिवाळीपुऱ्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, तुम्हाला तुमची मिळेल.’ वाटणीच्या दाव्यात मी वकिलाला किती पैसे घातले ते आता आठवत नाही, आठवायचंही नाही. जाताना आधारची झेरॉक्स न्या, जिना चढायच्या आधी दुकानदाराकडून संडासाची किल्ली मागून घ्या, आणि बारापर्यंत काही खाऊन निघा.

रावपुऱ्यातून पावतीपुस्तक आणलं. मेपासून ऑगस्टपर्यंतचे दीड-दीड हजार म्हणजे सहा हजार, बरोबर एका महिन्याचं भाडं. सप्टेंबरची पावती फाडली आणि ‘रोख’ खोडून ‘आगाऊ जमा’ लिहिलं. तिनं ती उजेडाकडे धरून वाचली, सगळी वाचली, आणि परत माझ्यापुढे ठेवली.

‘काकू, सही राहिली.’